मूळ गाव कोणतं?

शाळेत इंग्रजीच्या वहीच्या पानाला आम्ही मधोमध उभी घडी घालायचो. पान दुमडायचं, अंगठ्याच्या नखानं घडीवर वरपासून खालपर्यंत दाब द्यायचा आणि पान पुन्हा उघडायचं. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून. पाचवीचं वर्ष अक्षरं गिरवण्यात गेलं आणि सहावीपासून रोज दहा शब्दार्थ पाठ करायचा नेम लागला. संध्याकाळी आई भाजी निवडायला बसली की मी वही तिच्या हाती द्यायची. तिला इंग्रजी वाचता यायचं नाही. ती उजवीकडचा मराठी अर्थ वाचायची, मी डावीकडचा शब्द सांगायची, आणि तो बरोबर की चूक हे ती माझ्या चेहऱ्यावरून ओळखायची. बहुतेक वेळा तिचं बरोबर यायचं.

गेल्या मे महिन्यात माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत त्यातली एक वही हाती लागली. ब्राऊन पेपरचं कव्हर, कडा कसरीनं खाल्लेल्या, आणि प्रत्येक पानावर ती घडी अजून तशीच. पानं चाळता चाळता एका ओळीवर थांबले. डावीकडे इंग्रजी अक्षरांत ‘मंगूस’. उजवीकडे मराठीत ‘मुंगूस’. त्याच ओळीत पुढे मी अनेकवचन लिहिलं होतं, ‘मंगीस’. गूसचं गीस होतं, मग याचंही तसंच होणार, असा तेव्हाचा हिशेब. बाईंनी लाल शाईनं ते खोडून ‘मंगूसेस’ असं लिहिलं होतं. त्या शब्दाचा गूस पाखराशी काही संबंध नाही, म्हणून अनेकवचन साधं.

बाईंची दुरुस्ती बरोबर होती. पण घडीच्या दोन्ही बाजूंना एकच शब्द बसला आहे, हे तेव्हा त्यांच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही. इंग्रजी कोश या शब्दाचं मूळ मराठीत दाखवतात. आपल्याच बांधावरचं मुंगूस इंग्रजीत गेलं, तिथे त्याला गोऱ्या स्पेलिंगची शेपटी फुटली, आणि पुढे शाळेच्या वहीत ते ‘अवघड शब्द’ म्हणून माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. मी ते पाठ केलं. ओळखलं मात्र नाही.

आपल्याकडे अनोळखी माणूस भेटला की नुसत्या नावावर कुणाचं समाधान होत नाही. एसटीत शेजारी बसलेल्या बाई आधी पिशवी सरकवून जागा देतात आणि मग हमखास विचारतात, ‘मूळ गाव कोणतं तुमचं?’ गाव कळलं की त्यांना माणूस कळल्यासारखं वाटतं. मग त्या गावात कुणी ओळखीचं निघतं, तिथली यात्रा निघते, पाण्याची तक्रार निघते. आपली कितीतरी आडनावं गावाला ‘कर’ जोडून झाली आहेत. या ‘कर’ची एक गंमत मला फार आवडते. जो गावातच राहतो त्याला गावाचं नाव लावायची गरज पडत नाही. गाव सुटलं की ते नावाला चिकटतं.

शब्दांचंही असंच असावं. इंग्रजीत ‘बमलो’ नावाचा एक शब्द आहे. इंग्रजी माणसाच्याही तोंडी तो क्वचितच येत असेल. कोश त्याचा अर्थ देतो, दक्षिण आशियातला एक लहान समुद्री मासा. हे म्हणजे आपले बोंबील. वसईच्या किंवा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बांबू रोवून आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात आणि दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून त्यांवर टांगलेले असतात. त्याला ना गाठ लागते ना आकडा. त्या ओळींखालून एकदा चालत गेलं की कपड्यांचा वास दोन दिवस जात नाही. ‘बमलो’ या शब्दाला तो वास नाही. ‘डंगरी’चंही तसंच. जाड्याभरड्या कापडाच्या त्या पोशाखाचं नाव बहुतेक कोश मुंबईतल्या डोंगरीपाशी नेऊन सोडतात. डोंगरीत उभं राहून कुणी तो शब्द कधी ऐकला असेल, असं मात्र वाटत नाही.

हे सगळं वही सापडल्यावर वाचत बसले होते, तेवढ्यात एका रात्री भाचीचा फोन आला. ती इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या एका वृद्धाश्रमात काम करते. आम्ही दोघी देवळाली कॅम्पातल्या. माझ्या बहिणीचं घर अजून लॅम रोडच्या बाजूला आहे.

‘मावशी, एक शब्द विचारायचा होता तुला,’ ती म्हणाली. ‘डूलॅली म्हणजे काय गं?’

तिच्या आश्रमात एक आजी आहेत. रोज दुपारी जेवण झालं की त्या कोट घालतात, पर्स मांडीवर घेतात आणि खिडकीशी जाऊन बसतात. मुलगा रविवारी येतो, हे त्यांना माहीत असतं. तरी मंगळवारीही बसतात, बुधवारीही बसतात. त्या दिवशी भाची त्यांचा कोट उतरवायला गेली, तेव्हा त्या म्हणाल्या, अशी वाट बघत बसून मी एक दिवस डूलॅली होणार बघ. भाचीला शब्द कळला नाही. आजी म्हणाल्या, वेडी होणार, असं. त्यांचे वडील म्हणायचे हा शब्द. ते फौजेत होते, इंडियात.

मी फोनवर काही क्षण गप्प राहिले. मग म्हटलं, ‘अगं, ते आपलं गाव आहे. डूलॅली म्हणजे देवळाली.’

1860च्या दशकात इंग्रजांनी देवळालीला लष्करी छावणी वसवली. मुदत संपलेले गोरे शिपाई मुंबईहून विलायतेला नेणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथे थांबायचे. सैनिकांच्या बोटी वर्षभर नसत. पावसाळा सरल्यावर त्या सुरू होत आणि उन्हाळा लागायच्या आत बंद. ज्याची मुदत बोटी बंद झाल्यावर संपली त्याच्या वाट्याला कित्येक महिन्यांचं रिकामपण यायचं. काम संपलेलं, घर हजारो मैलांवर, वर एप्रिल-मेचं ऊन, डास, हिवताप आणि दारू. काहींचं चित्त ठिकाणावर राहायचं नाही. फौजेत त्याला नाव पडलं ‘डूलॅली टॅप’. यातला टॅप म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप. पुढे ताप गळून पडला आणि गाव राहिलं. आज इंग्लंडात एखाद्याचं डोकं फिरलं म्हणायचं तर बोलीत म्हणतात, तो डूलॅली झाला. बोलणाऱ्यांतल्या किती जणांना नाशिक जिल्हा ठाऊक असेल!

आम्हाला ठाऊक असलेली देवळाली निराळी होती. तिथली हवा कोरडी, म्हणून मुंबईहून लोक हवापालटाला यायचे. पारशी आणि गुजराती कुटुंबांची सॅनिटोरिअम होती, लांबच लांब व्हरांड्यांची. संध्याकाळी त्या व्हरांड्यांत आजारातून उठलेली माणसं शाल पांघरून आरामखुर्चीत बसलेली दिसायची. पहाटे तोफखान्याचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि आई झोपेतच पांघरूण माझ्या कानांवर ओढायची. माणसं बरी व्हायला यायची ते आमचं गाव, आणि त्याच गावाच्या नावानं दुसऱ्या एका भाषेत वेडाला नाव मिळालं. कोशातला अर्थ आणि आमची आठवण यांत कुठेच मेळ बसत नाही, आणि तरी दोन्ही खरं आहे.

मला त्या शब्दाचा राग आला नाही. गावाची बदनामी झाली, असंही वाटलं नाही. मला दिसला तो छावणीतल्या बराकीबाहेर दगडावर बसलेला, पंचविशीचा एखादा शिपाई. बोट कधी लागणार हे त्याला कुणी सांगत नाही. 1688 साली योहानेस होफर नावाच्या तरुण वैद्यानं घरापासून दूर राहणाऱ्या स्विस लोकांच्या झुरणीला रोग मानून तिला ‘नॉस्टॅल्जिया’ असं नाव दिलं. ग्रीक भाषेतलं घरी परतणं आणि ग्रीक भाषेतलंच दुखणं जोडून त्यानं हा शब्द घडवला. वैद्यानं पुस्तकात बसून केलेला तो शब्द, आणि शिपायांनी उन्हात बसून केलेला हा. दुखणं एकच. कोशात डूलॅलीपुढे ‘वेडा’ असा अर्थ असतो. मला वाटतं, त्या शब्दाच्या तळाशी वाट पाहणं आहे. खिडकीशी कोट घालून बसलेल्या आजींनी तो बरोबर त्याच जागी वापरला.

शब्द वापरण्याची अशी एक वेळ असते. अवघड शब्द माहीत झाला की तो कुठेतरी वापरून टाकावा, अशी घाई होते. मलाही कॉलेजात होती. निबंधात एक भारी शब्द बसवला की दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटायचं. आता वाटतं, शब्द येऊ द्यावा. त्याचं काम निघालं की तो आपण होऊन येतो.

‘पेट्रिकोर’ हा असाच एक शब्द. जून लागला की हल्ली तरुण मुलं फोनवर तो एकमेकांना पाठवतात. पहिल्या पावसाचा मातीचा वास. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी तो 1964 साली घडवला. पेट्रा म्हणजे दगड, आणि आयकोर म्हणजे ग्रीक पुराणांतल्या देवांच्या शिरांतून रक्ताऐवजी वाहणारा द्रव. तापलेल्या मातीत आणि दगडात मुरलेलं तेल त्यांनी वाफेच्या मदतीनं वेगळं काढलं आणि त्याला दगडातल्या देवरक्ताचं नाव दिलं. हे तेल आपल्याकडे कधीपासून काढतात, याची त्यांनाही कल्पना होती. कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या देगेत पाण्याबरोबर चढवतात, त्याची वाफ नळीतून चंदनाच्या तेलात उतरवतात, आणि मातीचं अत्तर कुपीत भरतात. आपल्या मराठीत तर मृद्गंध आहेच. विंदा करंदीकरांचा त्या नावाचा संग्रह 1954 साली आला, म्हणजे इंग्रजीत शब्द जन्मायच्या दहा वर्षं आधी.

पण पेट्रिकोर माझ्या मनात राहिला तो दुसऱ्याच कारणानं. पुढच्याच वर्षी त्याच दोघांनी दाखवलं की हे तेल बियांचं रुजणं मंदावतं. वाचलं आणि मला सिन्नरच्या बाजूचं आजोबांचं रान आठवलं. बाजरीचं कोरडवाहू शेत. वळवाची पहिली सर येऊन गेली की सगळं शिवार त्या वासानं भरून जायचं. शेजारचे उतावीळ व्हायचे. आजोबा मात्र तिफणीला हात लावायचे नाहीत. ते शेतात जाऊन उकिडवे बसायचे, हातानं माती उकरायचे, बोटं रुतवून ओल किती खोल गेली ते बघायचे. वीतभर ओल नसेल तर उठून हात झटकायचे. ‘वासावर पेरायचं नसतं,’ असं म्हणायचे. वासावर पेरलं आणि पाऊस लांबला की दुबार पेरणी, आणि दुबार पेरणी म्हणजे कर्ज. पाऊस नीट झाल्यावरही ते थांबत. माती चिखल राहिलेली नाही आणि सुकलेलीही नाही, मुठीत घेतली तर लाडू होतो आणि बोट लावलं तर फुटतो, ती अवस्था यायची. तिला ते म्हणायचे वाफसा. वाफसा आला की चाड्यावर मूठ धरायची.

मातीतलं तेल बियांना जे सांगतं तेच आजोबा आम्हाला सांगत होते. थांब. ही सर खरी नव्हे. या एका अर्थानं ऑस्ट्रेलियातला तो शब्द माझ्या घरचा झाला. आणि त्याच वेळी कळलं की वाफसा या शब्दाला मी पुरतं विसरून गेले होते. परक्या शब्दाचं गाव शोधायला निघाले आणि वाटेत आपल्याच गावचा एक म्हातारा शब्द भेटला.

असं काही अवचित हाती लागलं की इंग्रजीत ‘सेरेंडिपिटी’ म्हणतात. याचाही रस्ता आपल्या अंगणातून जातो. 28 जानेवारी 1754 रोजी होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकानं फ्लॉरेन्समधल्या मित्राला पत्र लिहिलं, त्यात हा शब्द पहिल्यांदा आला. सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांची गोष्ट त्यानं वाचली होती. सेरेंडिप म्हणजे सिंहल, आजची श्रीलंका. संस्कृतातलं सिंहलद्वीप अरबी खलाशांच्या तोंडी सरंदीब झालं आणि तिथून पुढे गेलं. गोष्टीतल्या राजपुत्रांना रस्त्याच्या एकाच बाजूचं गवत खाल्लेलं दिसतं, आणि दुसऱ्या बाजूचं गवत चांगलं असूनही तसंच राहिलेलं. त्यावरून ते ताडतात की इथून गेलेलं जनावर एका डोळ्यानं आंधळं आहे.

आपल्याकडे योगायोगाला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसतो आणि ताडाचं फळ पडतं. दुसरा घुणाक्षर न्याय. लाकूड पोखरता पोखरता किड्याकडून नकळत अक्षर उमटतं. दोन्ही मला प्रिय आहेत, पण दोन्हींत कावळ्याला आणि किड्याला काही कळलेलं नसतं. वॉलपोलनं आपल्या शब्दात दोन गोष्टी मागितल्या होत्या, योगायोग आणि चाणाक्षपणा. गवत सगळ्यांनाच दिसतं, त्यातला आंधळा डोळा एखाद्याला दिसतो. आज हा शब्द वापरताना पहिली गोष्ट लोकांच्या लक्षात राहते, दुसरी गळून जाते. घडीच्या उजवीकडे ‘सुखद योगायोग’ एवढंच लिहिलं की शब्दाचा अर्धा जीव जातो.

काही शब्दांना मात्र गाव विचारायची सोय नसते. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश घडला तो हजारो वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्यांवर. प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द आणि तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य. जेम्स मरे या संपादकानं त्या चिठ्ठ्यांत आयुष्य घालवलं. पहिली आवृत्ती 1928 साली पुरी झाली, ती त्याच्या पश्चात. त्या एवढ्या मोठ्या कोशात एक शब्द राहून गेला, कारण त्याच्या चिठ्ठ्याच हरवल्या होत्या. शब्द होता ‘बॉन्डमेड’. विकत घेतलेली दासी. 1933च्या पुरवणीत तो आला. हे वाचलं तेव्हा मला पेशवाईच्या कागदांतल्या ‘कुणबिणी’ आठवल्या. त्या काळी दासीला हाच शब्द होता. दासीची खरेदी झाली की तिच्या मूळ गावाशी कुणाला कर्तव्य नसायचं. तिच्या नावाची चिठ्ठी हरवावी आणि बराच काळ कुणाच्या लक्षातही येऊ नये, हे मला निव्वळ कारकुनी चुकीसारखं वाटत नाही.

आमच्या घरी मोल्सवर्थचा कोश आहे, पुनर्मुद्रित प्रत. 1831 साली त्याची पहिली आवृत्ती आली, 1857 साली दुसरी. कँडी बंधू आणि पुण्या-मुंबईचे शास्त्री-पंडित यांना हाताशी धरून या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं आपले शब्द गोळा केले, शिव्यांपासून शेतीच्या अवजारांपर्यंत. त्याच्या पानाची घडी माझ्या वहीच्या उलटी आहे. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. माझ्यासाठी जो आईच्या तोंडचा शब्द, तो त्याच्यासाठी अवघड शब्द. त्यानंही कधी तरी संध्याकाळी कुणाकडून तरी ते पाठ करून घेतले असतील. मी कोश उघडते तेव्हा मला माझी सहावी आठवते आणि त्या परक्या माणसाविषयी आपुलकी वाटते.

परवा भाचीचा पुन्हा फोन आला. तिनं आजींना देवळालीचं सांगितलं. फोनवर लॅम रोडचे फोटो दाखवले, आमच्या घरासमोरच्या कडुनिंबाचा दाखवला, स्टेशनचा दाखवला. आजींनी चष्मा लावून सगळे बघितले आणि स्टेशनच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, म्हणजे हे खरंच आहे? त्यांना तो शब्द वडिलांनी बनवलेला वाटायचा. आता दुपारी कोट घालून बसल्यावर त्या भाचीला हाक मारतात आणि तिच्या गावाचं विचारतात. पाऊस पडला का, तिथे कोण कोण असतं.

वहीत शेवटची चार पानं कोरी आहेत. त्यातल्या एकाला मी घडी घातली, डावीकडे ‘डूलॅली’ लिहिलं आणि उजवीकडे ‘देवळाली; वाट पाहणं’. खाली मराठीतच ‘वाफसा’ लिहिला आणि त्याच्यापुढची जागा मोकळी ठेवली. तुम्हालाही एखादा अवघड शब्द भेटला तर अर्थ कळल्याबरोबर त्याला निरोप देऊ नका. त्याला शेजारी बसू द्या आणि मूळ गाव कोणतं, ते विचारा.